पोटफोडेकाका हंडा बघायला येतात

वडकीच्या शेडमध्ये शनिवारी चारला
दोन जोडपी, वाढदिवसाचा एक घोळका,
आणि पोटफोडेकाका:
इस्त्रीचा लेंगा, काखेत छत्री,
एप्रिल असूनही छत्री.

शार्दूलनं परवाना फाडला.
पाच रुपये, एक दिवस, वय अठ्ठ्याहत्तर.
काका म्हणाले, मी घेत नाही.
शार्दूल म्हणाला, असू दे, नियम आहे.
त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली,
चष्म्याच्या घरात ठेवली.
म्हणाले, हिला दाखवतो.
पन्नास वर्षं नुसता संशय घेतेय.

मी आत, हंड्यापाशी.
आज पुरंदरचं अंजीर चढवलंय,
मार्केट यार्डात ज्याला कुणी हात लावत नाही ते,
फुटकं, पिचकं, पाटीच्या तळाचं,
मधमाश्यांनी आधीच चाखलेलं.
नऊ दिवस पिंपात खदखदलं.
आता धार लागलीय.

पहिली धार फेकायची.
तिला नेलपॉलिशचा वास येतो,
ती डोळ्यांत जाते,
तिला डोकं म्हणतात.
शेवटची, ओल्या पुठ्ठ्यासारखी, ते शेपूट.
मधलं तेवढं काळीज.
डोकं कुठे संपलं, काळीज कुठे लागलं,
काट्यावर नीट कळत नाही.
तळहातावर दोन थेंब चोळायचे, हुंगायचे
आणि ठरवून टाकायचं.
कॉलेजच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षांत
एकाही पोराला मी हे करू दिलं नसतं.

बाहेर शार्दूल पेले मांडतो, प्रत्येकात बोटभर.
नाकाला काय लागतंय, सांगा.
एक म्हणते व्हॅनिला.
एक म्हणतो जुनी चामड्याची बॅग.
वाढदिवसाचा मुलगा म्हणतो, स्ट्राँग आहे.
टाळ्या.
काकांनी पेला नाकाशी धरला,
ओठांशी नाही.
बराच वेळ.
मग म्हणाले, चिंच.

कुणीतरी हसलं.
शार्दूलनं कागद पाहिला, चिंच त्यात नव्हती.
मी दारात होते, माझे कान तापले.
या खेपेच्या आधी हंडा मीच घासला होता
चिंच आणि मीठ लावून,
यांनीच तांबट आळीत दाखवलं होतं तसा,
आणि घाईत
एकच पाणी फिरवलं होतं.

काका आत आले.
मी म्हटलं, तापलाय, हात नका लावू.
ऐकू गेलं नसावं.
साठ वर्षं तांबं ठोकलं
की माणसांचे आवाज आधी जातात.
छत्रीच्या मुठीनं त्यांनी हंड्याला
एक टिचकी दिली, मग खाली एक,
आणि तळवा हवेत धरून
पोटावरून वर, गळ्यापर्यंत नेला,
गुरांच्या डॉक्टरासारखा.

हे मठार माझे, म्हणाले.
बघा, ओळीनं, एकावर एक चढत नाही.
आणि इथून वर, मानेपासून,
ठोका जरा घाईचा आहे ना?
तो हेमंताचा.
शेवटचं काम त्याचं. मग चाकणला लागला.
प्रेसवर आहे. एका दाबात बारा दारं, म्हणतो.
कान शाबूत आहेत त्याचे.

मानेजवळ बोट नेलं, लावलं नाही.
वाफ आत चढत होती,
जिथे बापाचं काम संपतं
तिथून पोराच्या कामात,
आणि वळून नळीत, थंड पाण्यात, खाली.
सांधा कुठे गळत नव्हता.
त्यांनी तीनदा पाहिलं.

मग छत्री काखेत घेऊन म्हणाले,
दोन पाणी फिरवत जा.

ते गेल्यावर माझं लक्ष बरणीकडे गेलं.
काटा केव्हाच उतरला होता.
तळहातावर चोळून पाहिलं: पुठ्ठा,
थोडाच, पण पुठ्ठा,
काळजात मिसळलेला.
आता वेगळा काढता येत नाही.

वहीत लिहिलं, लॉट अठरा, बरणी उशिरा बदलली.
कारणाच्या रकान्यात
पेन टेकवून बसले.
मग लिहिलं, पाहुणे.